अपडेटनंतर संगणक ‘हँग’ होतो, तेव्हा दोषी कोण?

अलिबाग, प्रतिनिधी

जून उजाडला की रायगडच्या किनारपट्टीवरील ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांपुढे विद्यार्थी आणि पालकांची गर्दी वाढू लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र या साऱ्यांची निकड याच दिवसांत असते. नेमका त्याच वेळी केंद्रातील संगणक अर्ज भरता भरता थिजला, तर संगणकाबरोबर बाहेरची रांगही थांबते. मच्छीमार संस्थेचे कार्यालय असो, नागाव-काशीदकडील पर्यटक निवास असो की घरातील परीक्षार्थीचे टेबल, एका जागी ठेवलेल्या डेस्कटॉपवर आज बरेच काही अवलंबून असते. त्यातच ‘फर्मवेअर अपडेट’ झाल्यापासून संगणक हँग होऊ लागला असेल, तर मालकाचा निष्कर्ष ठरलेला असतो : अपडेटनेच घात केला.

कधी तो निष्कर्ष खराही असतो. परंतु कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असेही पुष्कळदा घडते. किनाऱ्यावरच्या संगणकाला खारी हवा, दमटपणा आणि लहरी वीज यांच्याशीही झुंजावे लागते. अपडेट हा संशयितांपैकी एक असतो, एकमेव नव्हे. खरा दोषी न शोधता घाईने पुन्हा अपडेट करणे किंवा जुनी आवृत्ती चढविणे, हा मात्र बरा होऊ शकणारा संगणक कायमचा बंद पाडण्याचा हमखास मार्ग आहे.

फर्मवेअर म्हणजे नेमके काय?

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज दिसू लागेपर्यंतच्या काही सेकंदांत मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये साठविलेली आज्ञावली काम करीत असते. तिला पूर्वी ‘बायोस’ म्हणत. आजच्या संगणकांत तिची जागा ‘यूईएफआय’ने घेतली असली, तरी बाजारात बायोस हेच नाव रूढ आहे. प्रोसेसर, रॅम, पंखे, डिस्क ही मंडळी कामावर हजर आहेत का, त्यांना किती व्होल्टेज द्यायचे, रॅम किती वेगाने चालवायची, हे सारे ती ठरविते. प्रोसेसरच्या अंतर्गत वर्तनात दुरुस्ती करणारा ‘मायक्रोकोड’ही बहुधा याच चिपमधून येतो. मदरबोर्डखेरीज एसएसडी आणि हार्ड डिस्क यांनाही त्यांचे स्वतंत्र फर्मवेअर असते.

हे अपडेट मालकाच्या नकळतही होऊ शकते. अनेक नामांकित कंपन्यांच्या संगणकांना विंडोज अपडेटमधूनच नवे फर्मवेअर मिळते. संगणक सुरू होताना तपासल्या जाणाऱ्या ‘सिक्युअर बूट’च्या २०११मधील प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून टप्प्याटप्प्याने संपत असल्याने अशा अपडेटना अलीकडे अधिक महत्त्व आले आहे. म्हणून तपासाचा पहिला प्रश्न ‘अपडेट खरोखर झाले का?’ हा असावा. विंडोजच्या शोधचौकटीत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ असे इंग्रजीत लिहिल्यास बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. ती तारीख आवृत्ती तयार झाल्याची असते, ती आपल्या संगणकावर चढविल्याची नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

अपडेट दोषी ठरले, ते प्रसंग

अपडेटवरील संशय अगदीच निराधार नाही. जानेवारी २००९मध्ये सीगेट कंपनीच्या ‘बॅराकुडा ७२००.११’ मालिकेतील हार्ड डिस्क अचानक बंद पडू लागल्या. कंपनीने दुरुस्तीसाठी दिलेल्या पहिल्या फर्मवेअरने ५०० जीबीच्या काही डिस्क उलट निकामी केल्या आणि ते मागे घ्यावे लागले. जानेवारी २०१८मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या त्रुटी उघड झाल्यानंतर घाईने आलेल्या मायक्रोकोडमुळे अनेक संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. तेव्हा २२ जानेवारी रोजी खुद्द इंटेलने त्या आवृत्त्यांचे वितरण थांबविण्याचा सल्ला दिला.

मार्च २०२२मध्ये एएमडीने दिलेली कबुली तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. रायझन प्रोसेसर असलेल्या काही संगणकांत ‘एफटीपीएम’ ही सुरक्षा सुविधा सुरू असताना ती मदरबोर्डवरील फर्मवेअरच्या चिपशी अधूनमधून लांबलेली देवाणघेवाण करी. तेवढ्या वेळात संगणक क्षणभर थिजे, आवाज अडखळे आणि पुन्हा सारे सुरळीत होई. त्यावरील दुरुस्ती मे २०२२पासून नव्या बायोसमधून देण्यात आली.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. क्रुशियल कंपनीच्या ‘एम-४’ एसएसडी ५,१८४ तास चालल्यानंतर दर तासाला संगणक हँग करू लागल्या. जानेवारी २०१२मध्ये आलेल्या नव्या फर्मवेअरनेच तो आजार बरा झाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत आणि त्यामुळे हळूहळू खराब होत. ऑगस्ट २०२४पासून सुधारित मायक्रोकोड बायोसमधून देण्यात आला, तसेच अशा प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. मात्र आधीच इजा झालेला प्रोसेसर अपडेटने दुरुस्त होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. अशा संगणकावर मालकाने अपडेट केले आणि नंतरही तो हँग होत राहिला, तर खापर अपडेटवर फुटते. वास्तविक रोग त्यापूर्वीचा असतो.

किनाऱ्याचा वाटा

आता स्थानिक संशयितांकडे वळू. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. पंखा हवा आत ओढतो, तेव्हा ते धुळीबरोबर मदरबोर्डवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषून विरघळू लागते आणि कोरडी वाटणारी धूळ विजेला वाट देणारा पातळ थर बनते. पावसाळ्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात एवढी आर्द्रता नित्याचीच. त्यातून रॅमच्या खाचा, ग्राफिक्स कार्डचा स्लॉट, एसएमपीएसच्या पिना येथे गंज धरतो. जोड पूर्ण तुटत नाही. तो कधी लागतो, कधी सुटतो. संगणक अधूनमधून हँग होण्यामागे असा अर्धवट लागणारा जोड पुष्कळदा सापडतो.

चालू संगणक स्वतःच्या उष्णतेने थोडाफार कोरडा राहतो. बंद संगणक मात्र ओल धरतो. त्यामुळे सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या कार्यालयातील किंवा केवळ शनिवार-रविवारी उघडल्या जाणाऱ्या बंगल्यातील संगणकाला हा त्रास अधिक. असा संगणक बऱ्याच दिवसांनी सुरू झाला की साचलेली अपडेट एकदमच उतरतात आणि ओलीने बिघडलेल्या जोडाचा आळ त्यांच्यावर येतो.

दुसरा संशयित वीज. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असला, तरी वादळवाऱ्यात तो खालीवर होतो आणि वीज गेल्यावर परत येताना झटका बसतो. ‘निसर्ग’ चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि अनेक गावांना दीर्घकाळ अंधारात राहावे लागले. एवढे मोठे संकट रोज येत नाही. पण लहानसहान झटके एसएमपीएसमधील कपॅसिटर हळूहळू थकवतात. शिवाय खाऱ्या जमिनीत अर्थिंगची लोखंडी नळी लवकर गंजते. अर्थिंग केवळ नावापुरते उरले, तर कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. हा इशारा दिसताच संगणक बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. यात प्रश्न यंत्रापेक्षा जिवाचा आहे.

एका वेळी एकच बदल

संशयित इतके असताना तपास कसा करावा, याचा उत्तम धडा अलिबागमध्येच आहे. मुंबईत विजेवरील ट्रामगाड्या येणार, त्यामुळे कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. मात्र कुलाब्याचे काम लगेच थांबविले नाही. १९०६पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलल्याने पडणारा फरक आणि प्रत्यक्ष चुंबकीय फरक वेगळे ओळखता यावेत, हा त्यामागील हेतू होता. संगणकाच्या दुरुस्तीतही हेच सूत्र उपयोगी पडते. आधीची स्थिती नोंदवावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुरेसा काळ थांबून फरक पाहावा. एकाच दिवशी रॅम साफ केली, बायोस बदलला आणि विंडोजही नव्याने टाकली, तर संगणक सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा बिघडला की तपास मूळपदावर येतो.

पुरेसा काळ म्हणजे किती? संगणक दिवसातून दोनदा हँग होत असेल, तर एका दिवसाच्या शांततेवर विश्वास ठेवू नये. तीन दिवस पाहावे. आठवड्यातून एकदा होत असेल, तर तीन आठवडे. एका वहीत तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, पाऊस होता का, वीज नुकतीच येऊन गेली होती का, एवढे लिहिले तरी दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होऊ लागते.

थिजण्याचे प्रकार

सर्वांत आधी, संगणक थोडा वेळ जरी नीट चालत असेल, तर महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दुरुस्ती त्यानंतर. हँग होणाऱ्या यंत्रातील डिस्क किती दिवस साथ देईल, याची खात्री नसते.

नंतर थिजण्याचा प्रकार ओळखावा. माऊसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही, असे असल्यास संशय डिस्कवर. चित्र क्षणभर थांबते, आवाज अडखळतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते, असे असल्यास एफटीपीएम, डिस्क किंवा ड्रायव्हर. सारेच थिजते आणि कीबोर्डवरील ‘कॅप्स लॉक’चा दिवाही बदलत नाही, तर बिघाड खोल आहे, रॅम, वीज, प्रोसेसर, मदरबोर्ड यांपैकी कोणीतरी. जड काम करताना हँग होत असल्यास उष्णता आणि एसएमपीएस तपासावे. उलट, संगणक नुसता बसलेला असताना हँग होत असल्यास वीजबचतीच्या सेटिंगकडे पाहावे. नव्या बायोसमध्ये ती बदललेली असू शकतात.

विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हा दिनदर्शिकेसारखा तक्ता या कामी फार उपयुक्त आहे. कोणत्या दिवशी कोणते अपडेट झाले आणि कोणत्या दिवसापासून बिघाड सुरू झाले, हे त्यात शेजारी शेजारी दिसते. बिघाडाच्या खुणा अपडेटच्या आधीपासूनच असतील, तर अपडेट निर्दोष सुटण्याची शक्यता मोठी. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकजण एसएमपीएस बदलून टाकतात. वस्तुतः संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. आपण हँग झालेला संगणक बटण दाबून बंद केला, तरी ती उमटते. ‘व्हिआ-लॉगर’ या नावाच्या नोंदी मात्र हार्डवेअरकडे बोट दाखवितात.

तपासाचा क्रम

पहिली पायरी बायोसची. संगणक सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ कळ दाबून बायोसचा पडदा उघडावा. कळ कंपनीनुसार बदलते. अपडेटनंतर जुनी सेटिंग बहुधा पुसली जातात, तर काही वेळा जुनी सेटिंग नव्या आवृत्तीशी जुळत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि नंतर ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ हा पर्याय निवडावा. रॅमचा वेग वाढविणारे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ बंदच ठेवावे. डिस्कची पद्धत मात्र पूर्वी जी होती तीच ठेवावी. ती बदलल्यास विंडोज सुरूच होत नाही. एक्सएमपी बंद असताना संगणक स्थिर राहिला, तर नवा बायोस आणि रॅमचा वाढीव वेग यांचे जमत नाही, हा निष्कर्ष काढता येतो. अशा वेळी थोड्या कमी वेगावर समाधान मानणे शहाणपणाचे.

दुसरी पायरी बिघाडाचे घर शोधण्याची. संगणक बायोसच्या पडद्यावर अर्धा तास तसाच ठेवावा. तेथेही हँग झाला, तर विंडोज आणि तिचे ड्रायव्हर दोषमुक्त. तेथे न अडल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. लिनक्स सुरळीत आणि विंडोजच अडखळत असेल, तर ग्राफिक्स, चिपसेट यांचे ड्रायव्हर आणि मुख्य डिस्क यांच्याकडे वळावे. फर्मवेअरच्या बरोबरीने विंडोजने नवे ड्रायव्हरही उतरविलेले असू शकतात.

तिसरी पायरी रॅमची. ‘मेमटेस्ट ८६’ हे मोफत साधन रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक आली, तरी ती गंभीर मानावी. त्यानंतर वीज पूर्ण काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी आणि रॅम काढावी. पट्टीच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. खोडरबर घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. तिने काळसरपणा निघतो, परंतु वारंवार घासल्यास सोन्याचा पातळ मुलामाही निघून जातो आणि गंजाला रान मोकळे मिळते.

चौथी पायरी उष्णता आणि विजेची. बायोसच्या ‘हार्डवेअर मॉनिटर’ पानावर प्रोसेसरचे तापमान आणि व्होल्टेज दिसतात. १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६च्या दरम्यान असावी. हे आकडे स्थूल असतात. शंका वाटल्यास तंत्रज्ञाने मीटरने मोजावे. मदरबोर्डवरील कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसल्यास तपास तेथेच थांबतो. मात्र एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते. दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर संगणक चालवून पाहणे हीच खरी कसोटी.

पाचवी पायरी बॅटरीची. घड्याळ मागे पडत असेल किंवा वीज गेल्यावर बायोसची सेटिंग हरवत असतील, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ‘सीआर २०३२’ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलावी. एवढ्याशा बॅटरीपायी ‘अपडेटने सेटिंग उडविली’ असा आरोप झाल्याचीही उदाहरणे सापडतील.

जुन्या आवृत्तीकडे परतताना

हे सारे करूनही दोष अपडेटकडेच जात असेल, तर दोन वाटा उरतात. मदरबोर्डच्या कंपनीने त्यानंतर आणखी नवी आवृत्ती काढली असल्यास तिच्यासोबतची टिप्पणी वाचून ती घ्यावी. अथवा जुन्या आवृत्तीकडे परतावे. सुरक्षेच्या कारणास्तव काही कंपन्या परतीची वाट बंद ठेवतात, हे आधी पाहून घ्यावे.

येथेच सर्वांत मोठी चूक होते. वारंवार हँग होणाऱ्या संगणकावर विंडोजमधून बायोस बदलणे म्हणजे गळक्या होडीतून भर खाडीत जाणे होय. लेखन अर्ध्यावर असताना संगणक थिजला, तर चिपमध्ये ना जुनी आज्ञावली उरते, ना नवी. अनेक मदरबोर्डना पेनड्राइव्ह लावून एका बटणाने बायोस लिहिण्याची ‘फ्लॅशबॅक’ सोय असते. तिला प्रोसेसर किंवा रॅमची गरज पडत नाही. त्यामुळे आजारी यंत्रासाठी तीच सुरक्षित. ती नसेल, तर चिपवर थेट लिहिणारे उपकरण असलेला तंत्रज्ञ गाठावा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद असते. बंद पडलेला मदरबोर्ड घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचे, तर बहुधा वडखळ-पेणमार्गे रस्त्याने जावे लागते. श्रीवर्धनच्या माणसाचा पूर्ण दिवस त्यात जातो, सेवा केंद्राची रांग दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते.

दुसरा धोका कुलपाचा. विंडोजचे ‘बिटलॉकर’ सुरू असेल, तर बायोस बदलल्यानंतर किंवा एफटीपीएम पुसल्यानंतर संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही माहिती मिळत नाही आणि कोणताही दुरुस्तीवाला ती मिळवून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या संगणकांत हे कुलूप मालकाला न विचारता लागलेले असते. किल्ली बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

पुढच्या अपडेटपूर्वी

निरोगी संगणकाला केवळ नवी आवृत्ती आली म्हणून बायोस बदलण्याची घाई नको. सुरक्षेची त्रुटी, प्रोसेसरचा ज्ञात दोष किंवा आपल्याला भेडसावणारी अडचण, यांपैकी काही दूर होत असेल तर अपडेट अवश्य करावे. त्यासाठी पावसापूर्वीचा कोरडा, निवांत दिवस निवडावा. फायलींची प्रत, बिटलॉकरची किल्ली आणि बायोसच्या पानांचे फोटो हाताशी असावेत. बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. यूपीएस पूर्ण चार्ज असावा आणि तो वीज गेल्यावर खरोखर संगणक तोलतो का, हे आदल्या दिवशी प्लग काढून पाहावे.

अपडेटनंतर पडदा काळा राहिला, तर लगेच बटण दाबू नये. नव्या, विशेषतः डीडीआर-५ रॅमच्या संगणकांना पहिल्यांदा सुरू होताना रॅमची ओळख नव्याने करून घ्यावी लागते. त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. हा विलंब म्हणजे हँग होणे नव्हे. अधीरतेने मध्येच वीज तोडली, की नसलेला दोष निर्माण होण्याची भीती असते.

किनाऱ्यावरील संगणकाची निगा मात्र बारमाही हवी. खिडकीपासून आणि जमिनीपासून दूर, कोरड्या जागी त्याला ठेवावे, पावसाळ्यात दिवसातून तासभर तरी चालू ठेवावे, गणपतीनंतर एकदा आतून स्वच्छ करावे आणि दर वर्षी अर्थिंग तपासून घ्यावे. होडी समुद्रात लोटण्यापूर्वी तिची डागडुजी करण्याची शिस्त येथील कोळीवाड्यांना नवी नाही. तीच शिस्त टेबलावरच्या यंत्राला लावली, तर अपडेटची भीती उरत नाही आणि दोष शोधण्याची वेळ आलीच, तरी संशयितांची यादी बरीच आखूड झालेली असते.